शालिकरामची साक्ष

शालिकराम निमजेची साक्ष चर्चच्या मंडळीत सगळ्यांना पाठ होती. तो कुठं थांबतो, कुठं त्याचा गळा भरून येतो, कुठं डावा हात वर करून "अन् त्या दिवसापासून" म्हणतो, हे पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांपासून मागं चटईवर बसणाऱ्या पोरींपर्यंत साऱ्यांना माहीत होतं. दिवाळी होऊन थंडी पडायला लागली की चर्चच्या आवारात संजीवन सभेचा मांडव पडे. तीन दिवस गाणी, उपदेश, प्रार्थना. शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी-द्राक्षरस घ्यायच्या विधीच्या, आधी मनोहरराव मास्तर टेबलावरची घंटी वाजवून म्हणत, "आता आपले बंधू शालिकराम प्रभूनं त्यांच्या जीवनात काय केलं ते सांगतील."

मग शालिकराम उठे. धुतलेला शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. जातीनं कोष्टी. नागपुरात गांधीबागेच्या मागच्या वस्तीत राहायचा. आजानं ख्रिस्ती धर्म घेतला, पण माग काही सोडला नाही. तोच माग बापाकडं आला आणि बापाकडून शालिकरामकडं. रेशमी काठाचं नऊवारी लुगडं तो विणायचा, आणि त्याच्या हाताचा काठ इतवारीतले व्यापारी डोळे मिटून घ्यायचे.

"मागासंगं आजाचा रागही आला," तो सांगे, आणि लोक हसत. मग तो हसू ओसरेपर्यंत थांबे. त्रेसष्ट सालचा उन्हाळा. बायकोनं रहाटावर धागा भरून दिलेली कांडी ढिली निघाली. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात धागा गुंतला आणि काठापाशी तुटला. जोडला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा त्यानं हातातला धोटा भिरकावला. लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. रहाटाशी बसलेल्या कौसल्येच्या उजव्या भुवईवर बसला. पाच टाके पडले. "रक्त लुगड्यावर पडलं, बंधूंनो. तयार मालावर. अन् मी पापी माणूस, मले आधी लुगडं दिसलं, मंग बायको दिसली." इथं गळा भरे. "त्याच सालच्या सभेत मी गुडघे टेकले. अन् त्या दिवसापासून प्रभूनं माहा राग मुळासकट उपटून नेला."

मांडवात 'आमेन' घुमे. माना बायकांच्या बाजूला वळत. तिथं कौसल्या पदर पुढं ओढून, खाली पाहत बसलेली असे.

ह्यातलं बरंचसं खरं होतं. धोटा खरा, टाके खरे, लुगडं आधी दिसलं हे तर भयंकर खरं. पुन्हा कधी त्यानं बायकोवर हात उगारला नाही, हेही खरं. फक्त शेवटचं वाक्य खोटं होतं. ते शालिकरामला माहीत होतं, कौसल्येला माहीत होतं, आणि भिंती मातीच्या असल्यामुळं गल्लीतल्या साऱ्या कोष्ट्यांना माहीत होतं.

पण खोटं बोलायचं म्हणून तो बोलायला लागला नव्हता. त्रेसष्टच्या सभेनंतर पाच महिने खरंच राग आला नाही. धागा तुटला तरी नाही. कांडी ढिली निघाली तर "कौसल्ये, दुसरी दे वं," एवढंच. कौसल्या सुरुवातीला घाबरली, म्हणे ह्या माणसाला ताप तर नाही? मग हळूहळू तिला सवय झाली. ती कांड्या भरता भरता गुणगुणायला लागली. त्या पाच महिन्यांत मनोहरराव मास्तरांनी त्याला कामठी, उमरेड, काटोल असं तीन ठिकाणी साक्षीला नेलं. मास्तर शाळेचे हेडमास्तर, मंडळीचा कारभार पाहणारे वडील. शुद्ध बोलणारे, सडसडीत, आणि मनापासून भले. एका विणकराच्या तोंडून असं काही निघावं ह्याचं त्यांना इतकं अप्रूप होतं की गाडीत ते इतर उतारूंनाही सांगत.

चौसष्टच्या एप्रिलात राग परत आला. अंबाडीच्या भाजीत मीठ पडलं नव्हतं. एवढंच. ताट भिंतीवर आपटलं, भाजीचा हिरवा डाग वर छतापर्यंत उडाला, आणि शालिकराम स्वतःच्या हाताकडं पाहत उभा राहिला, जणू हात दुसऱ्या कुणाचा होता.

त्याच संध्याकाळी तो सायकल काढून मास्तरांकडं गेला. "मास्तर, राग गेला नाई. आला परत."

मास्तरांनी चष्मा काढला. "शालिकराम, हा संशय आहे. सैतान असाच येतो. प्रभूनं काढून घेतलंय ना?"

"काढून घेतलं तं मंग ताट कोणं फेकलं?"

"तू कबूल करतोस म्हणून तो परत येतो. तोंडानं म्हणत राहा, गेला. विश्वासानं म्हण. कबूल केलंस की दार उघडलंस."

शालिकरामनं ते ऐकलं. हीच मोठी चूक झाली, आणि मास्तर वाईट माणूस असते तर ती झाली नसती. भल्या माणसाचं ऐकलं जातं. त्या वर्षीच्या सभेत तो उभा राहिला आणि विश्वासानं म्हणाला, "मुळासकट." मग पुढल्या वर्षी. मग त्याच्या पुढल्या. सत्तर साली नागपुरात उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या चर्चच्या मंडळ्या एक झाल्या तेव्हा बाहेरगावचे पाहुणे आले. त्यांच्यासाठी मास्तरांनी मुद्दाम वेगळी सभा ठेवली आणि शालिकरामनं तीनदा डावा हात वर केला.

घरात मात्र त्याची झुंज चालूच होती. कुणाला सांगता येत नसल्यामुळं ती त्यानं एकट्यानं, चोरून, जमेल तशी चालवली.

एका उपदेशकानं सांगितलं, राग आला की तोंडात पाणी धरा. शालिकरामनं मागाशी तांब्या ठेवला. धागा तुटला की गाल फुगवून बसायचा. एकदा तोंडात पाणी असतानाच दुसरा धागा तुटला, आणि सगळं पाणी ताण्यावर, उभ्या धाग्यांवर. खळ सुटली, धागे एकमेकांना चिकटले, आणि मग जे ओरडणं झालं ते इतवारीपर्यंत गेलं असेल. शुक्रवारचा उपास धरला. उपाशी पोटी राग दुप्पट येतो हे त्याला चार शुक्रवारांनी कळलं. राग आला की उठून चालायला लागायचं असं ठरवलं, तर एकदा गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्याशीच जुंपली.

मग मागाच्या खांबावर खडूच्या खुणा. ज्या दिवशी ओरडलो त्या दिवशी एक रेघ. महिन्याच्या शेवटी मोजायच्या. मार्चात एकोणीस झाल्या, एप्रिलात सोळा. त्याला इतका हुरूप आला की मे महिना तो जवळजवळ शांत होता. अठ्ठावीस तारखेपर्यंत फक्त सहा रेघा. मग पोरीनं, चारुशीलानं, शाळेला सुट्टी होती म्हणून घर झाडलं आणि ओल्या फडक्यानं खांब पुसला.

"कोणं पुसलं? कोणं पुसलं ते?"

"बाबा, मळका दिसत होता..."

"मळका? मी तीन महिने जीव काढून राहिलो, अन् तुले मळका दिसते?"

पोरगी रडली. कौसल्या चुलीपुढून उठून आली. कोरा खांब पाहिला, नवऱ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "सातवी ओढा आता. रेघा गेल्या म्हून राग केल्याची."

शेजारच्या धोंडबाच्या घरातून हसण्याचा आवाज आला. धोंडबाही कोष्टी, शालिकरामच्या वयाचा, कपाळाला बुक्का लावणारा आणि तोंडाचा फाटका. दोघांचे माग भिंतीला भिंत लागून. एकाचा माग थांबला की दुसऱ्याला कळायचं.

"शालिकराम," भिंतीपलीकडून धोंडबा ओरडायचा, "तुह्या येशूले म्हण, नाकाच्या शेंड्यावर बसत जा. राग तिथूनच निंगते तुहा!"

"तू तुहा माग पाह्य गा!"

"मी माहाच पाहून राहिलो. तुहा आयकू येते म्हून बोललो."

शालिकरामचा सर्वांत मोठा वैताग हा होता की तो खोटा नव्हता. ढोंगी माणसाला निदान झोप तरी लागते. ह्याला प्रार्थना करायची खरी ओढ होती. पहाटे माग सुरू करण्याआधी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तो डोळे मिटे आणि काकुळतीनं मागे, आजचा एक दिवस. एकच. दहा वाजेपर्यंत तो दिवस गेलेला असे. मग उरलेला दिवस ओरडल्याची लाज. लाजेमुळं चिडचिड, चिडचिडीतून पुन्हा ओरडणं. कधीकधी तो ओरडल्यावर तीन-तीन दिवस बोलत नसे. मंडळीतल्या लोकांना वाटे, हा किती गंभीर झालाय, किती आत्मिक. आणि माफी? माफी मागायची कशी? माफी मागणं म्हणजे राग आला होता हे कबूल करणं, आणि कबूल केलं की दार उघडतं. मास्तरांनीच सांगितलेलं. म्हणून सोळा वर्षांत त्यानं कौसल्येची धोट्याबद्दल हजारो माणसांसमोर माफी मागितली, आणि ताटाबद्दल एकदाही नाही.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात हे फुटलं. सभेचा शुक्रवार होता. रविवारी घालायच्या शर्टाला इस्त्री नव्हती.

"दरसाली ह्याच शर्टावर साक्ष देतो मी! तुले माहीत नाई? एक शर्ट. एक! तोही..." आणि त्यानं तो शर्ट गोळा करून अंगणात फेकला.

चारुशीला नर्सिंगच्या शिक्षणाहून सुट्टीला आलेली. ती शर्ट उचलायला निघाली तर कौसल्येनं तिला हातानं थांबवलं.

"राहू दे वं. राहू दे तिथंच." मग ती नवऱ्याकडं वळली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच शालिकराम बिचकला. "चारूचे बाबा, ह्या रायवारी मी प्रभुभोजन घेत नाई."

"काहून?"

"तुमच्यासंगं नाई घेत. तुमी मांडवात खोटं बोलता अन् मी खाली मान घालून हो म्हणते. म्हणजे मीही बोलली का नाई? इतले वर्ष घेतलं, घास गळ्यात अटकते माह्या."

"मी मारतो काय तुले आता? हात लावतो?"

"नाई लावत. थे मी कोणासमोरही सांगीन." तिनं पदर मागं सारला. भुवईवरचा पांढरा वण. "पण हे पाहा. सभा झाली की बाया येतात. कामठीच्या येतात, काटोलच्या येतात. 'दाखव वं, कुठी लागलं?' म्हणतात. अन् हात लावून पाहतात. एकीनं तं पोरालेही दाखोलं. सोळा वर्ष झाले, माह्या कपाळाचं तुमी पोस्टर केलं. अन् घरी आल्यावर थाळी फेकता. कपाळ माहं, साक्ष तुमची, अन् राग देवाच्या घरी जमा. असं कसं चालन?"

"मंग काय करू म्हणते?"

"खरं सांगा. नाई तं सांगू नका."

"मास्तर काय म्हणतीन? पाहुणे येऊन राहिले पुण्याहून."

"मास्तर तुमच्या घरात राहत नाई," कौसल्या म्हणाली आणि कांड्या भरायला बसली.

शनिवारी माग चालला, पण धड नाही. दुपारपर्यंत चार बोटंही कापड पुढं सरकलं नाही. भिंतीपलीकडचा माग थांबला आणि धोंडबा दारात येऊन उभा राहिला. काल सगळं त्यानं ऐकलंच होतं. ते लपवायचीही तसदी त्यानं घेतली नाही.

"काय ठरोलं गा?"

"काय ठरवू? खरं सांगतलं तं सोळा वर्षाची इज्जत जाते. सारे म्हणतीन, ढोंगी. अन् खोटं सांगतलं तं..."

"बायको जाते."

"जात नाई थे. येईन मांडवात. पण घेणार नाई."

धोंडबानं तंबाखू मळली. "तुह्या धर्मातलं मले समजत नाई. पण एक सांगतो. आमच्या गल्लीत तुही इज्जत कवाचीच नाई, अन् तरी आमी तुह्यासंगं बोलतो का नाई? मंग?"

शालिकरामला हसू आलं नाही. संजीवन सभा, गुडघे टेकणं, पाच महिन्यांची ती शांतता, ते सगळं खरं होतं की नव्हतं, हेच त्याला कळेनासं झालं होतं. देवानं काही केलंच नसेल तर? की केलं, आणि ह्यानं घालवलं? तो खड्ड्यात पाय सोडून बसून राहिला, आणि प्रार्थनेला म्हणून मिटलेल्या डोळ्यांपुढं त्याला फक्त मास्तरांचा चष्मा दिसत होता.

रविवारी मांडव भरला. पुण्याचे पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर. कौसल्या आणि चारुशीला बायकांच्या बाजूला. शालिकरामच्या अंगात दुसराच, काखेत उसवलेला शर्ट होता. मास्तरांनी घंटी वाजवली.

तो उभा राहिला. आजाचा राग सांगितला, लोक हसले. कांडी सांगितली, धोटा सांगितला. लुगडं आधी दिसलं हे सांगितलं. गळा भरला. डावा हात वर गेला. "अन् त्या दिवसापासून..."

हात वरच राहिला.

"त्या दिवसापासून पाच महिने राग नाई आला," तो म्हणाला. "मंग आला. अजून आहे."

मांडवात कुणी खोकलं. मास्तरांनी मान वर केली.

"परवा शर्ट फेकला मी. इस्त्री नव्हती म्हून. ह्याच साक्षीसाठी इस्त्री पायजे होती मले. मागच्या महिन्यात बायकोशी चार दिवस बोललो नाई, कशावरून थेही याद नाई. मी दरसाली इथं सांगत आलो, मुळासकट गेला. थे खोटं आहे. हात नाई उगारला, इतलं खरं. थे प्रभूनंच केलं, माह्यानं झालं नसतं. पण मूळ..."

घंटी वाजली. "धन्यवाद, बंधू," मास्तर गडबडीनं म्हणाले. "वेळेअभावी आपण आता गीत..."

"थांबा ना मास्तर, मी बोलून राहिलो न!"

"शालिकराम, पाहुण्यांना पुढं..." घंटी पुन्हा.

"ठेवा थे घंटी!" शालिकराम दोन ढांगांत टेबलापाशी गेला. "सोळा वर्ष खोटं बोललो तवा वाजवली काय तुमी? तवा तं कामठीले नेलं, उमरेडले नेलं! आज खरं बोलून राहिलो तं घंटी?" आणि त्यानं घंटी मास्तरांच्या हातातून हिसकली. हात वर गेला. पुढच्या खुर्चीवरच्या पुण्याच्या बाई किंचाळल्या. बायकांच्या बाजूला कौसल्या उठून उभी राहिली होती.

शालिकरामनं वर गेलेल्या आपल्या हाताकडं पाहिलं. मग घंटी हळूच, आवाज होऊ न देता टेबलावर ठेवली.

"पाह्यलं?" तो लोकांना म्हणाला. "हाच. हाच सांगून राहिलो होतो मी."

आणि जाऊन बसला. कुणीतरी गीत सुरू केलं, चुकीच्या पट्टीत.

मग प्रभुभोजन झालं. भाकरीची थाळी रांगेतून आली तेव्हा शालिकरामनं ती पुढं दिली. मास्तरांशी आत्ताच भांडून कुठल्या तोंडानं घ्यायची? बायकांच्या बाजूला त्यानं पाहिलं. कौसल्येनं घेतली होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा ती मान वर करून बसली होती, आणि हा उपाशी. ह्या न्यायाचाही त्याला थोडा राग आला.

दुपारी तो सायकलवर मास्तरांच्या घरी गेला. सीताबर्डीच्या मागं बैठं घर. मास्तरांच्या बायकोनं, सुमतीबाईंनी, दार उघडलं आणि त्या आत गेल्या.

"मास्तर, माफी मागाले आलो. घंटी हिसकाले नव्हती पायजे."

"घंटीचं सोड," मास्तर म्हणाले. "तू सोळा वर्षं मला फसवलंस. मंडळीला फसवलंस. पाहुणे काय म्हणाले असतील?"

"तुमाले चौसष्ट सालीच सांगतलं होतं मी! ह्याच खोलीत! तुमीच म्हणले, कबूल करू नको!"

"मी म्हटलं विश्वास ठेव. खोटं बोल नव्हतं म्हटलं."

"मंग फरक काय केला तुमी? सांगा ना! मी अडाणी माणूस, तुमी हेडमास्तर. मले साक्षीचा बैल करून गावोगाव फिरोला..."

"चालता हो," मास्तर म्हणाले.

शालिकराम चालता झाला. सायकल त्यानं इतकी जोरात मारली की व्हरायटी चौकापर्यंत चेन दोनदा उतरली. दुसऱ्यांदा ती बसवताना हात काळे झाले आणि तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. माफी मागायला गेलो आणि भांडून आलो. आयुष्यात एक काम धड नाही. बाजूनं बस गेली, ऑटो गेले, कापडाच्या दुकानातून पिशव्या घेऊन माणसं गेली. त्याला वाटलं, घरी जावं. उद्या पाहू. उद्याचं तीन दिवसांवर जाईल, तीन दिवसांचं सोळा वर्षांवर. ही वाट त्याच्या पायाखालची होती.

त्यानं सायकल वळवली.

सुमतीबाईंनीच पुन्हा दार उघडलं. "आता काय राहिलं?"

"मघा माफी मागताना जे बोललो, त्याची माफी राहिली."

सुमतीबाईंचे ओठ हलले; हसू होतं की काय, कळलं नाही. आतून मास्तर म्हणाले, "त्याला सांग, आज नको." दार हलकेच लागलं. शालिकराम पायरीवरून बंद दारालाच म्हणाला, "बैल म्हणलं, थे चुकलं मास्तर. तुमी जीव लावला मले." आणि घरी आला.

"मागितली?" कौसल्येनं विचारलं.

"दोनदा."

"काहून दोनदा?"

"पहिलीवर भांडण झालं." मग तो तिच्यासमोर, रहाटापाशी बसला. चेनच्या तेलानं काळे झालेले हात चोळत म्हणाला, "शर्ट फेकला थे चुकलं. अन् अंबाडीच्या भाजीचंही."

"कोणती भाजी?"

"चौसष्टची."

"अगाई!" कौसल्या म्हणाली. रहाट थांबला. "इतल्या मागची कायले काढता? कालपासून सुरू करा. नाई तं माहा जनम जाईन आयकन्यात." पण तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले.

महिनाभर मास्तर बोलले नाहीत. चर्चमध्ये समोरासमोर आले तर खांबाआडून जात. मंडळीत कुजबुज झाली. कुणी म्हणे शालिकराम घसरला, कुणी म्हणे तो कधी चढलाच नव्हता. साक्षीला त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही, त्या वर्षी नाही आणि पुढंही नाही. तो घरात ओरडायचा थांबला नाही. फक्त आता ओरडून झाल्यावर माग बंद होई, आणि धोंडबा भिंतीपलीकडून सांगे, "वैनी, निंगला पहा बाहीर! माफी आली!"

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. थाळी फिरवायची पाळी मास्तरांची. ते एकेक रांग करत शालिकरामपाशी आले आणि थांबले. थाळी दोघांच्या मध्ये.

"मास्तर," शालिकराम हळूच म्हणाला, "थोडा राग अजून आहे बरं. गेला म्हणत नाई मी."

मास्तरांनी मागं पाहिलं, लोक डोळे मिटून बसले होते. चष्म्याआडचे त्यांचे डोळे लाल झाले.

"माझाही आहे," ते पुटपुटले. "घे."

शालिकरामनं तुकडा घेतला. मास्तरांनी, नेमाप्रमाणं सगळ्यांच्या शेवटी घ्यायचा तो आपला तुकडा, तिथंच उभ्यानं घेतला.

परत येताना कौसल्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसलेली. इतवारीत भांड्यांच्या दुकानांपाशी एक केळ्याची हातगाडी अचानक आडवी आली. शालिकरामनं ब्रेक दाबला, सायकल कलंडता कलंडता वाचली.

"आंधळा आहे काय बे? डोळे केळाच्या घडात ठेवले काय? बायको पडली असती माही!"

हातगाडीवाला म्हातारा होता. तो गाडी ढकलत पुढं गेला. कौसल्या कॅरिअरवरून उतरली आणि उभी राहिली.

"काय झालं? बस ना."

ती बसली नाही.

"अवं, आताच तं भोजन घेतलं! अर्धा तास नाई झाला! घरापर्यंत तं जाऊ दे मले!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, वैतागाचं. "किती डाव, कौसल्ये? मराच्या दिवशीपर्यंत असंच?"

"मी धरते सायकल," कौसल्या म्हणाली.

तो मागं वळला. गर्दी होती, हातगाडी दिसेनाशी झाली होती. पितळी घागरींच्या दुकानाशी त्यानं विचारलं, "भाऊ, आता केळ्याची गाडी गेली, म्हातारा होता, कोणत्या गल्लीत गेली?"

"काहून गा, सामान राहिलं काय?"

"नाई. माफी मागाची राहिली."

दुकानदार खो खो हसला आणि त्यानं डाव्या-उजव्या दोन्ही गल्ल्यांकडं हात केला. शालिकराम चडफडत डावीकडल्या गल्लीत शिरला.